शिडीला लावलेलं कुंकू

"हिवाळ्यात घर पाहू नोको वं उत्तरा," शोभाताईंनी बजावलं होतं. "थंडीत नागपूरचं कोन्तंही घर चांगलंच दिसते. घर पाहाचं असन त नवतपात पाहाव, भर दुपारी. तवा समजते, घर हाये का भट्टी."

उत्तरा नुसती हसली. शिकलेल्या भावजया नणंदेच्या बोलण्यावर जे हसू हसतात आणि ज्याची फेड पुढे केव्हातरी करावीच लागते, तसलं ते हसू होतं. शोभाताई सातवीपर्यंत शिकलेल्या. महाल भागात आणि आसपास त्यांनी आजवर सहा भाड्याची घरं बदलली होती. उत्तरा बी.एस्सी. झालेली, तेही फिजिक्स घेऊन. उष्णता भिंतीतून कशी वाहते यावर तिने परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा नागपुरात कावळासुद्धा नळाखालून हलत नाही, तेव्हा बाहेर पडून घरं पाहत हिंडायचं? हे काय शहाण्या माणसाचं लक्षण झालं?

म्हणून तिने घर पाहिलं ते जानेवारीत, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता.

सदरच्या बाजारामागे एका गल्लीत ते होतं. लांबट, एकमजली, दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी मयालांवर, म्हणजे जाड तुळयांवर, कवेलूंचं उंच कौलारू छप्पर. पुढच्या ओसरीत ऊन असं पसरलेलं की कोणीतरी नुकतीच सतरंजी अंथरून आत चहा करायला गेलं असावं. भिंतीला पोपडे होते, पश्चिमेची बाजू एका अंगाला कलली होती, दोन खिडक्यांना पोतं लावलेलं होतं. यातलं उत्तराला काहीही दिसलं नाही. तिला ऊन दिसलं. त्या उन्हात तिची अडीच वर्षांची जया दोन पायांवर बसून मुंगळ्याशी बोलत होती, आणि उत्तराने मनातल्या मनात तिथे पडदेसुद्धा लावून टाकले.

घराचे मालक भैय्याजी. रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन दहा वर्षं झालेली. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात राहिल्यामुळे म्हणा की काय, त्यांचं लग्न करायचं राहूनच गेलं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि उरलेलं हातवारे. त्यांची अट सोपी होती. घर घ्या, माझ्यापाशी भाव करू नका, मीही करणार नाही. पण घर पाडायचं नाही, सगळं दुरुस्त करायचं, आणि मागच्या खोलीत मी राहीन तोवर राहीन. मृग लागायच्या आत काय ते सांगा. आणखी एक पावसाळा पश्चिमेची भिंत काढणार नाही.

उत्तराचा नवरा रुपराव कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फोरमन होता. सकाळच्या बसने जायचा, संध्याकाळच्या बसने यायचा. त्याचा जीव मनीषनगरच्या प्लॉटमध्ये अडकला होता. तिथे त्या साली, ब्याऐंशीत, नगर म्हणावं असं काही नव्हतंच. वखरलेलं रान, चुन्याच्या रेघा आणि नंबर रंगवलेले दगड. एका रविवारी त्याने तिला तिथे नेलं, एका दगडापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "इथं सयपाकघर." तिने इकडे तिकडे पाहिलं. एक बकरी स्वयंपाकघरात चरत होती. तिथे भिंती उभ्या राहायला चार वर्षं तरी हवी होती. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

घर मोठं की लहान, गावात की गावाबाहेर, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न जयाचा होता. जुन्या शुक्रवारीत त्यांची दीड खोली होती आणि तिच्यावर टिनाचं छप्पर. मागच्या मे महिन्यात त्या टिनाखाली जयाला ऊन लागलं. डोळे वर गेले, तीन दिवस दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी निघताना एवढंच म्हटलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात हिला टिनाखाली ठेवू नका. तेव्हापासून उत्तरा झोपेतसुद्धा एक हात मुलीच्या कपाळावर ठेवून झोपायची. इकडे टिन पोरीला भाजणार. तिकडे भैय्याजींचं साठ वर्षांचं छप्पर पोरीच्या अंगावर येणार. दोन्हींतून एक निवडायचं होतं, आणि रुपरावने, "तू म्हणशीन तसं," असं सांगून हात झटकले होते. नवऱ्यांच्या तोंडी येणाऱ्या वाक्यांत याच्याइतकं प्रेमळ आणि पळपुटं वाक्य दुसरं नसेल.

मग उत्तराने विचार करायला घेतलं. तिच्या विचार करण्याची पद्धत शास्त्रीय होती, म्हणजे तिने एक वही आणली. वहीवर 'धोके' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पहिल्या आठवड्यात विंचू, साप, सुटलेलं कवेलू, मागची विहीर एवढं झालं. विहिरीला झाकण होतं. तेव्हा पुढे कंसात लिहिलं, 'झाकण कोणी उचललं तर?' शेजाऱ्यांच्या कोंबड्याची चोच नोंदली गेली. सतराव्या नंबरला 'छप्पर' होतं, अठराव्या नंबरला पुन्हा 'छप्पर'. मार्चपर्यंत एक्केचाळीस धोके झाले. त्यांतले किती धोके जुन्या शुक्रवारीतही होते, हे मोजायचं मात्र तिला सुचलं नाही. वही शास्त्रीय होती, वहीची मालकीण नव्हती.

दर रविवारी ती जयाला काखेत मारून भैय्याजींकडे जायची. मयालांना उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे का ते पाहायचं होतं. मयाल उंच, म्हणून तिने एका लांब वेळूच्या टोकाला केसातली पिन बांधली आणि पुढच्या खोलीच्या मयालांना खालून टोचत ती फिरायची. पिन आत गेली की उधई, नाही गेली की लाकूड. भैय्याजींना वाटलं, पोरगी जाळे काढून राहिली. "अरे बेटी, काहून तकलीफ करतेस," म्हणत ते चहा टाकायचे. तिने खरं काय ते सांगितलं नाही. परीक्षा घेणाऱ्याने पेपर फुटू देऊ नये. सहा रविवार टोचून तिच्या पदरात काय पडलं? डोळ्यात गेलेला भुसा, वाकडी झालेली पिन, आणि 'पुढची खोली, जिथे जयाची खाट येईल, तिथे बहुधा ठीक' असा अर्धा शेरा.

बहुधा. या शब्दाखाली काही तिला पोर निजवता येईना.

आणि नवतपा लागला.

पहिल्याच दुपारी वीज गेली. कूलर मुका झाला. टिनाचा कडकड आवाज यायला लागला. जया कुरकुरायला लागली तशी उत्तरा उठली. खोली किती तापली आहे ते मोजायचंच असं तिने ठरवलं. घरात थर्मामीटर एकच, जयाचा ताप पाहायचा. तिने तो खिळ्याला दोऱ्याने लटकवला. आता, ताप मोजायच्या थर्मामीटरची नळी एकशे दहाच्या आसपास संपते, आणि नवतपातली टिनाची खोली तिथे संपत नाही, हे फिजिक्सच्या कोणत्याही विद्यार्थिनीला सांगायची गरज नसावी. पारा चढला, चढला, आणि नळीचं टोक टिचकन उडालं. पुढचा पाऊण तास पदवीधर उत्तरा गुडघ्यांवर बसून पोस्टकार्डाच्या कडेने पाऱ्याचे मणी गोळा करत होती, आणि जया, तिला ते फारच आवडल्यामुळे, टाळ्या वाजवत होती.

शोभाताई संध्याकाळी आल्या, त्यांनी ऐकलं, आणि आपण जानेवारीत काय म्हटलं होतं त्याचा चकार शब्द काढला नाही. नुसतं ताकाचं भांडं ठेवलं आणि विचारलं, "मंग? जाऊन राहिली का उद्या?"

ती गेली. दुपारी एक वाजता, डोक्याला ओला पंचा, जयाच्या डोक्याला ओला पंचा, रिक्षावाल्याच्या डोक्यालाही पंचा. भैय्याजींनी पुढच्या खोलीत चटई टाकून दिली. बाहेर झळा नाचत होत्या. आत थंड नव्हतं. पण ते ऊन पाहुण्यासारखं दारापर्यंत येऊन थांबलेलं होतं. जया चटईवर आडवी झाली, एकदा कूस बदलली, आणि झोपली. अडीच तास झोपली. त्या महिन्यात दुपारी ती पहिल्यांदाच झोपली होती. कपाळाला हात लावावा तर कपाळ कोरडं.

उत्तरा झोपली नाही. ती डोक्यावरच्या मयालाकडे पाहत बसली. अडीच तास तिने त्याच्याकडे असं टक लावून पाहिलं की, त्याला पडायचंच असतं तर लाजून केव्हाच पडला असता.

उठल्यावर ती भैय्याजींना म्हणाली, मला फक्त एक कोपरा वरून उघडून पाहायचा आहे, इथला, जयाची खाट येईल तिथला. लाकूड डोळ्यांनी दिसलं की मी सांगते. भैय्याजी म्हणाले, कवडू दरसाल पावसाआधी कवेलू उतरवून फेरायला येतो, उद्या सकाळी बोलावतो.

कवडू सात वाजता आला, बायको कौसल्या आणि बांबूची शिडी घेऊन. जयाला उत्तराने शोभाताईंकडे सोडलं होतं. भैय्याजी स्टेशनावर जुन्या सोबत्यांना भेटायला आणि येताना भाजी आणायला गेले होते. शिडी भिंतीला लागली. कौसल्याने पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली आणि म्हणाली, "बाई, तुमीच लावा शिडीले."

उत्तराने शिडीकडे पाहिलं. अकरा पायऱ्या. चौथी सुतळीने बांधलेली, सातवीला चीर गेलेली, आणि चढणारा माणूस पन्नाशीचा. तिच्या डोळ्यांपुढे कवडू पडलेला, कौसल्या रडत असलेली, आणि पोलीस पंचनामा करत असलेले, असं सगळं एका दमात उभं राहिलं. रीत पहिल्या पायरीला बोट लावायची असते. तिने पहिल्या पायरीला लावलं, बांधलेल्या चौथीला लावलं, चिरलेल्या सातवीला जास्तच लावलं, आणि मग उरलेल्यांनी काय घोडं मारलं होतं म्हणून सगळ्यांना लावलं. वरच्या तीन पायऱ्यांना हात पुरेना, तर स्टूल आणलं. वर कवडूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. एवढं करून तिला बरं वाटलं. विज्ञान आणि कुंकू दोन्ही बाजूंनी तिने बंदोबस्त केला होता.

मग, 'तुम्ही पाहा, मी पोरीला जेवू घालून येते,' असं सांगून ती निघाली.

साडेदहाला ती परत आली तेव्हा अंगणात कवेलूंच्या थप्प्या लागलेल्या होत्या. किती व्यवस्थित लावल्यात, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. एका कोपऱ्याच्या मानाने फार आहेत, हा दुसरा. मग ती आत गेली. पुढच्या खोलीत ऊन होतं. मधल्या खोलीत ऊन होतं. स्वयंपाकघरातल्या चुलीवर ऊन होतं. तिने वर पाहिलं. मयाल, फाटे, आणि त्यांच्यावर नागपूरचं पांढरं फटक आभाळ.

तिने दुसऱ्याच्या घराचं छप्पर काढून ठेवलं होतं. नवतपात. मृग दहा-बारा दिवसांवर असताना.

"कवडू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा निघाला, "मी एक कोपरा म्हटलं होतं."

कवडू भिंतीवर बसून तंबाखू मळत होता. "भैय्याजीनं तसंच सांगतलं होतं बाई. पन मंग तुमी शिडीले कुकू लावलं."

"ते तुम्ही पडू नये म्हणून लावलं."

"थे खरं. पन घरच्या बाईनं कुकू लावलं, गूळ देल्ला, म्हंजे काम धरलं. आमच्यात असंच असते. अन् एका पायरीले लावलं असतं त म्या छपराचं एकच पाखं काढलं असतं. तुमी त स्टूल आनून अकराही पायऱ्याइले लावलं. म्या कौसल्याले म्हटलं, बाईचं मन मोठं दिसते, बाईले सगळंच करून पाह्यजे."

कौसल्या खालून म्हणाली, "म्या त म्हटलं होतं, एकडाव इचारा. पन हे कोनाचं आयकते?"

उत्तराला रडू येत होतं, पण रडायला सावली कुठे उरली होती? तेवढ्यात कवडू म्हणाला, आता उघडलंच आहे तर पाहून घ्या. तो मयालांवरून मांजरासारखा चालत गेला आणि हातोडीच्या दांड्याने एकेकाला ठोकत गेला. पुढच्या खोलीचे चारही टणक. मधल्या खोलीचे टणक. सहा रविवार तिने खालून टोचलेलं सगळं साग अस्सल निघालं. मग तो मागच्या खोलीवर गेला, मधल्या मोठ्या मयालापाशी उकिडवा बसला, आणि दांडा न वापरता नुसता अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पीठ खाली गळलं.

खाली भैय्याजींची खोली होती. तिथे खाट होती, पण ती खोलीच्या मधोमध नव्हती. पार उत्तरेच्या भिंतीला, कोपऱ्यात दाबून लावलेली. जमिनीवर, जिथे ती पूर्वी असावी, तिथे चार पायांचे चार वर्षानुवर्षांचे डाग होते.

भाजीची पिशवी घेऊन भैय्याजी दारात उभे होते. ते आधी वर बघत राहिले, मग उत्तराकडे.

"मालूम होतं मले," ते म्हणाले. "तीन साल झाले. म्हणून तर खाट सरकवली."

उत्तराच्या एक्केचाळीस धोक्यांत मागची खोली एकदाही आलेली नव्हती. कोंबडा होता. कोंबड्याची चोच होती. या खोलीत ती वेळू घेऊन कधी शिरलीच नाही, कारण म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत शिरणं बरं दिसत नाही; आणि खरं सांगायचं तर तिथे जयाची खाट येणार नव्हती. डोळ्यांत तेल घालून पाहणारी म्हणून ती स्वतःची पाठ थोपटायची. ते तेल एकाच डोळ्यात पडत होतं.

मग तिला राग आला, कारण राग त्या मानाने सोपा होता. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगतलं असतं त तू आली असती का दुसऱ्या रविवारी?" भैय्याजींनी पिशवी खाली ठेवली. त्यातून एक भेंडी घरंगळली, ती त्यांनी उचलली, पुसली. "घरात लहान लेकरू बोलत होतं. मला वाटलं, थोडे दिवस चालू द्यावं. गलती झाली. आता सांगतो, बेटी. नाही म्हणायचं असेल त म्हण. कवडू दोन दिवसांत कवेलू परत चढवून देईल, जसं होतं तसं. तुझ्यावर काहीच नाही."

कवडूने मान हलवली. चढवता येत होतं. त्याच मयालावर, तेवढंच वजन. तिच्यासाठी परतीची वाट साफ होती. जानेवारीपासून ती तेच तर शोधत होती, घराला नाही म्हणायला एक भक्कम कारण. ते कारण तिच्यापुढे पिठासारखं गळत होतं. आणि तिला काय दिसत होतं? चटईवर कूस बदलून झोपलेली जया. आणि खाट भिंतीला दाबून, पाय पोटाशी घेऊन झोपलेला, गाडीच्या शेवटच्या डब्यातला एक माणूस.

"कवेलू चढवायचे नाहीत," ती म्हणाली. "आधी हा मयाल बदला. मग पश्चिमेची भिंत. मग बाकीचं."

कवडू म्हणाला, म्हंजे धरलंच ना काम. तिने कौसल्याच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. पुन्हा कुंकू मागतील अशी तिला भीती वाटली.

संध्याकाळी रुपराव बसमधून उतरून सरळ तिथेच आला. मधल्या खोलीत उभा राहून त्याने वर पाहिलं, अंगणातल्या थप्प्या पाहिल्या, बायकोच्या केसांतला भुसा पाहिला.

"त मंग ठरलं म्हणायचं."

"ठरलं नाही," उत्तरा म्हणाली. "उघडलं."

तो थप्पीवर बसला आणि पोट धरून हसला. मनीषनगरच्या त्या दगडाचं नाव त्याने काढलं नाही; तेवढ्यावरून तिला कळलं की दगड त्याने मनातून उपटून टाकला आहे, आणि ते त्याला सोपं गेलेलं नाही. मग त्याने बूट काढले, शिडी चढून वर गेला आणि कवडूशी लाकडाबद्दल बोलत बसला. ती खालून, सातव्या पायरीवर जपून, असं ओरडली. ते त्याला ऐकू जाईपर्यंत तो वर पोचला होता.

इथवर सगळं नीट होतं. चार दिवसांत जुना मयाल उतरला, नवा अंगणात येऊन पडला. पुढच्या खोलीवरचं छप्पर पुन्हा चढलं. आणि तीन जूनला जयाच्या पोटावर पाण्याने भरलेले दोन फोड दिसले. कांजिण्या. शोभाताई म्हणाल्या, माता आली, या घरातून कोणाच्या घरी जाणं नाही. उत्तरा म्हणाली, लागण होते, जाऊच नये. नणंद-भावजयीचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि त्या एकमताने उत्तराला दीड खोलीत कोंडलं. टिनाला आतून ओली पोती बांधली आहेत. पोरीचा ताप उतरतो आहे. नवा थर्मामीटर भिंतीपासून लांब ठेवला आहे.

आज सहा तारीख. दुपारपासून आभाळ भरून येतं आहे. मागची खोली अजून उघडी आहे, कारण सुतार लग्नाला गेला तो आलेला नाही, आणि भैय्याजी पुढच्या खोलीत झोपायला तयार नाहीत. म्हणतात, ती लेकराची खोली आहे. रुपराव येता-जाता डोकावतो आणि येऊन सांगतो, ठीक आहेत. पण रुपरावचं 'ठीक' तिला आठ वर्षांपासून माहीत आहे. मागच्या साली दवाखान्यात निघायच्या आधीही तो हेच म्हणाला होता.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी उद्या सकाळी सदरला जाणार असेल, तर बाजारामागच्या त्या गल्लीत पाच मिनिटं थांबा. अंगणात लांब सागवानी मयाल पडलेलं घर विचारलं तर कोणीही दाखवेल. भैय्याजी चहा देतील; तो घ्या, नाही म्हणू नका. पण त्यांनी सगळं मजेत आहे म्हटलं तर ऐकून परत येऊ नका, आत जाऊन पाहा, अंथरूण कोरडं आहे का, ते खोकतात का. आणि जमलं तर त्यांना समजवा की ती पुढची खोली सध्या रिकामी आहे, आणि जया बरी झाली तरी तिथे दोघांपुरती जागा आहे.